उजव्या हाताचा घास

परभणीच्या पुनर्वसन केंद्रात वडिलांचा व्यायाम संपेपर्यंत सुकेशनी जेवणाच्या खोलीत बसली होती. समोर चुडाव्याचे दत्तराव वरणभाताच्या ताटाकडे बघत होते, शेजारी त्यांची बायको सरजाबाई. लकव्यानं दत्तरावांचा उजवा हात लुळा पडला होता आणि चांगला डावा हात सिस्टरनं कापडी पिशवीत बांधून ठेवला होता.

"सरजे, डावा सोड की जरा."

"डावा मोकळा दिसला की उजवा काम करत न्हाई म्हणले डाक्टर."

"मंग कालच्यासारखं तू भरव."

"काल मी भरवलं, अन् रिकामं ताट बघून सिस्टरनं लिहिलं, स्वतःच्या हातानं जेवले. आता डाक्टर शनिवारी घरी सोडायलेत."

"मंग बरंच झालं की."

"बरं काय? मी कापूस वेचायला गेल्यावर तुमाला कोण भरवंल? सिस्टरला खरं सांगून आले मी."

"मंग शनिवार?"

"शनिवार गेला. हातानं जेवाल त्या दिवशी घर."

"लय हुशार झालीस इथं येऊन. तू जेवलीस का?"

"तुमच्या आधी कवा जेवले मी?"

"मंग आज उपासच हाय तुला."

"तोंड कमी चालवा. घास उचला."

"तू तिकडं बघ. तू बघायलीस की हात लय कापतो."

सरजाबाईनं पाठ फिरवली. आता तिचं तोंड सुकेशनीकडे होतं.

"पोरी, गेला का घास?"

"छातीपर्यंत आलाय," सुकेशनी म्हणाली. "आता हनुवटीपाशी."