विड्यावर वाटलेला पानमळा

मंडळी, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. एक सवाल आहे. आपलं आहे ते लेकरांना द्यायचंच — पण कधी? हात चालतायत तोवर, की हात थांबल्यावर? अन् कसं? ...खांबाला टेकलेले अण्णा, मान खाली घालू नका. तुमचं नाव घेणार नाही! ऐका.

कृष्णाकाठी चंद्राक्का म्हणून एक म्हातारी होती. नवऱ्यानं तिच्याच नावावर घेतलेला वीस गुंठे पानमळा. पानं केवढी? वासरू पावसात पानाखाली उभं राहायचं! हसताय? मी डोळ्यांनी बघितलंय — वासरू जरा लहान होतं, एवढंच.

सत्तरी उलटली, तसं तिनं लेकाला अन् लेकीला देवापुढं बसवलं. "भरमू, घर तुझं. कस्तुरी, मळ्यात तू राबतीस, मळा तुझा." दोघांच्या हातावर एकेक विडा ठेवला. पानमळ्यातली माणसं! विडा उचलला की शब्द पक्का. दोघांनी खाल्ला. झाली वाटणी!

वर्षानं भरमू शहरातून आला. "आये, मळाही मलाच म्हणाली होतीस."

"अरे, विडा खाल्लास की रं!"

"पुरावा कुठाय?"

पुरावा? चावला, मंडळी! चावून कुंपणाबाहेर पिचकारी मारली!

कस्तुरी म्हणाली, "दादा, कात जास्त झाला म्हणून कुरकुरलास, ते आठवतंय. वाटणी तेवढी विसरलास व्हय?"

भरमूनं पिशवीतनं कागद काढला. बक्षीसपत्र! "सही कर, आये. कस्तुरीचं मी बघीन."

चंद्राक्का मनात हिशेब मांडायला लागली. सही केली, तर कस्तुरी उघड्यावर अन् आपण आपल्याच मळ्यात पाहुणी. नाही केली, तर आपल्यामागं दोघं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. काय करावं?

पहाटेची एस.टी. धरून ती तालुक्याला मगदूम वकीलबाईंकडं गेली. बाई म्हणाल्या, "आज्जी, बक्षीसपत्र नोंदवलं, की मळा त्याच दिवशी त्याचा. मागून परत मागाल तर मिळायचा नाही. मृत्युपत्र केलंत, तर जिवंत आहात तोवर सगळं तुमचंच. मन बदललं, तर तेही बदला. फक्त दोन साक्षीदारांदेखत सही हवी."

चंद्राक्का परतली, ती थेट मळ्यात. वाढलेले वेल खाली घ्यायचे, उतरणीचे दिवस होते; भरमूही तिथंच उभा होता.

"भरमू, उतरण करताना वेल उपटतोस का रं?"

"उपटला तर मरंल की! खालचा वेल गुंडाळून मातीत पुरायचा, शेंडा वर बांधायचा."

"मग मला का उपटायला बघतोस? माझं मूळ मातीत राहू दे. शेंडे तुम्ही वाढा!"

भरमूनं कागदाची घडी घातली. कागद पिशवीत गेला.

आठवड्यात मृत्युपत्र झालं. साक्षीला गावचे डॉक्टर अन् शाळेचे हेडमास्तर. विड्यावर बोलली तेच लिहिलं — घर भरमूला, मळा कस्तुरीला.

आता गंमत ऐका. मृत्युपत्र बदलता येतं, हे भरमूच्या कानावर गेलं. लेक दर अमावस्येला यायला लागला! कधी आईला चष्मा, कधी बहिणीबरोबर वेल बांधणं. अन् चंद्राक्का? दर सहा महिन्याला नवं लुगडं नेसून, "तालुक्याला जाऊन येते, कागदात थोडं बदलायचंय," म्हणून निघायची. काय बदलायची, कुणाला पत्ता नाही!

एक्याण्णवाव्या वर्षी म्हातारी गेली. गाव एकशे दहा म्हणतं, मी कमी करून सांगतोय. वकीलबाईंनी लखोटा फोडला. कागद तोच — पहिला! काना-मात्रा बदललेला नाही. "मग आये इकडं येऊन करायची काय?" भरमूनं विचारलं.

"स्टँडसमोर भजी खायची," वकीलबाई म्हणाल्या. "मलाही आणायची."

भरमू हसता हसता रडला. भांडायला उरलंच नव्हतं काही. एवढ्या वर्षांत मळा त्याच्याही हाताला ओळखायला लागला होता. कस्तुरीनं विडा पुढं केला, तर म्हणतो कसा, "आधी कागदाची नक्कल दे, मग विडा!"

मंडळी, शब्द गोड असतो, पण विरघळतो. द्यायचंय ना? मग जाणत्याला विचारा, कागद करा. माया मात्र आजच वाटा, तिला साक्षीदार लागत नाहीत.

...अण्णा, उठलात? वकिलाकडं? बसा हो, आरती होऊ द्या. कचेरी उद्या अकराला उघडते!