जपानवाला पीस

न्हाई न्हाई, तो फोन राहू द्या कल्याणराव, तो ठेवा खाली — इकायला न्हाई असं न्हाई, किमतीची चिठ्ठी मीच लावलीय त्याच्यावर, पन तुमच्या कामाचा न्हाई तो. किंमत पाहून हात गेला ना? सगळ्यांचाच जातो. कंपनी तीच, मॉडेल तेच, रंगबी तोच, मंग हा इतका सस्ता कामून? सांगतो ना. बसा तर खरं, तीर्थपुरीहून उन्हाचे आलात, पाणी घ्या आधी. तुमच्या पोरीसाठी, शालूसाठी घ्यायचाय म्हनलात ना? पुण्याला निघाली शिकायला. मंग तर नीट पाहूनच घ्या, जल्दी करू नका.

तुमच्या भाच्यानं पढवून पाठवलंय, अनलॉकच घ्या मामा म्हनून — बराबर हाय त्याचं. पन अनलॉक म्हंजी काय ते सांगितलं का त्यानं? न्हाई सांगितलं. बाहेरच्या देशात शिमकार्डाची कंपनीच हप्त्यावर फोन देती, आन त्याच्यात कुलूप घालून ठेवती, की दुसऱ्याचं शिम घातलं का फोन मुका. ते कुलूप काढलेला तो अनलॉक. इतकंच. हे पुढं मांडलेले सगळे अनलॉकच हायत. पन कुलूप निघालं म्हनून त्याचा देश सुटत न्हाई ना — जिथला तिथलं काही ना काही त्याच्या अंगात राहतंच. हा अमेरिकावाला घ्या हातात. फिरवा. ह्याला शिमची खाच हाय का? हुडका. न्हाईच ती. तिकडं शिम आतल्या आतच असतं. अंकुशनगरच्या कारखान्यातला एक जन मुंबईहून सस्ता म्हनून घेऊन आल्ता, खाच हुडकता हुडकता त्यानं चार्जिंगच्या भोकात सुई घातली, आन मंग माझ्याकडं आला. आन हा दुबईवाला — ह्या जुन्या पीसमदी कंपनीचा जो व्हिडीओ कॉल असतो तोच नसतो. पोरगी पुण्याला, तुमी तीर्थपुरीला, तिचं तोंड पाहावं वाटलं तर? तवा काय करनार?

राहिला हा जपानवाला. ह्याला काय खोड हाय? काहीच खोड न्हाई. शिम चालतं, बॅटरी चांगली, कॅमेरा तर असा, की पार लांबून मानसाच्या पापण्या मोजून घ्या. खोड एकच. फोटू काढला की वाजतो. तुमी म्हनसाल, सगळेच वाजतात — न्हाई, बाकीच्यांचा आवाज बंद करता येतो. ह्याचा होत न्हाई. बाजूचं बटन दाबा, सायलेंट करा, काहीबी करा, वाजनार म्हंजी वाजनारच. आन किती वाजतो. थांबा — थांबा, काढून पाहू नका, मी सांगून राह्यलो ना. ऱ्हाऊ द्या.

तिथं तसं कामून करतात? तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवलंय म्हनं, की कोनी कोनाचा चोरून फोटू काढू नये. गाडीत, बाजारात, बाई-मानसाचा. चांगलंच हाय की. आपल्याला काय करायचंय चोरून फोटू काढून, म्हनता? बराबर. कोन काढतं? बाप काढतो.

काही न्हाई. असंच म्हनलो. हा पाहा इंडियावाला, डबा सीलबंद हाय, बिल पक्कं, गॅरंटी पुण्यातबी चालती. महाग पडंल थोडा, पन पोरीच्या जातीला — काय म्हनलात? पलक? पलक दिसत न्हाई आजकाल काउंटरवर.

तुम्हाला म्हाईतच न्हाई का? हां, तुमी मधी आलाच न्हाई इकडं. पलकनं दीक्षा घेतली, कल्याणराव. आमच्या जैनांत असते ना — तुमी पाह्यल्या असतील, मंठा रोडनं पायी पायी जातात पांढऱ्या कपड्यात, तोंडाला पांढरी पट्टी, पायात काही न्हाई. तशी झाली माझी पोरगी. साध्वी. दोन वर्ष झाले आता. कॉलेजच्या शेवटच्या सालाला होती. सुट्टीत हितंच बसायची, तुमी बसलात त्या बाजूला, आन गिऱ्हाइकाला दाखवायला माझेच फोटू काढायची. मी पाणी पिऊन राह्यलो, काढला. मी कोनावर चिडून राह्यलो, काढला. मी म्हनायचो, पलक, गिऱ्हाइकाचा काढ, माझे फोटू कोन घेनार विकत? तर हसायची — फोटू न्हाई पप्पा, फोटो. फोटो म्हना. लोक हसतात तुम्हाला. ह्याच्यावरून रोज आमची जुंपायची.

मंग एका साली जालन्याला चौमासा ऐकायला जायला लागली. चौमासा म्हंजी पावसाळ्याचे चार महिने साध्वीजी एका गावात थांबतात, रोज प्रवचन असतं. मला वाटलं, जाऊ द्या, चांगलं हाय. आन एक दिवस जेवता जेवता म्हनली, मला दीक्षा घ्यायचीय. मी न्हाई म्हनलो. तिची मम्मी न्हाई म्हनली. नंतर हो म्हनलो. कसं हाय, सगळा समाज म्हनतो तुमचे भाग्य, शेठ, घराचा उद्धार झाला — मीबी म्हनलो, भाग्य. जुलूस काढला, नवरीवानी सजवलं तिला, आपल्या सगळ्या परतूरनं पाह्यलं, तुमी नव्हता. तवाचे फोटू तर ढीगभर हायत, अल्बम हायत. पन त्या फोटूतली पोरगी पलक हाय ना. दागिने घातलेली. दीक्षेनंतरचा एक न्हाई. त्यांच्यात फोटू काढून घेत न्हाईत, फोनला हात लावत न्हाईत, लाईटचं बटनसुदा दाबत न्हाईत. आन नावबी बदलून जातं. नवं नाव मला येतं, पाठ हाय, पन तोंडातून निघत न्हाई माझ्या.

रडून न्हाई राह्यलो मी. पंख्याचं वारं हाय. ऐका तर.

ह्या साली त्यांचा चौमासा पुन्हा जालन्यालाच होता. आन आमच्या घरात काय झालं, की एकता — तिची मम्मी — न्हानीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. पलंगावर. उठून बसताबी येईना. इथून जालना, रेल्वेनं बसलं की आलं, पन तिला कसं नेनार? आन चौमाशात साध्वीजी ते गाव सोडून येत न्हाईत, नियमच हाय. मंग एकताचं एकच सुरू, जाऊन पाहून या. मी गेलो, आलो. कशी हाय? म्हनलं, चांगली हाय. वाळली का? म्हनलं, न्हाई. तुमी खोटं बोलून राह्यले, तिचं तोंड दाखवा मला एकदा. आता तोंड कसं दाखवू? मला तरी कुठं नीट दिसतं, मी बायांच्या मागं, मानसांत बसतो, अर्ध्या तोंडावर पट्टी. पन बाई हट्टाला पेटली. जेवनच सोडलं म्हना ना.

तवा हा पीस दुकानात आल्ता. मुंबईहून मालासंगं. कॅमेरा असा, की लांबून काम होतं — मी उचलला, सदऱ्याच्या खिशात घातला, आन सकाळच्या गाडीनं जालन्याला गेल्तो. गाडीतच सायलेंट केला, दोनदा तपासला. रोज गिऱ्हाइकाला मी सांगतो, जपानवाला वाजतो, जपानवाला वाजतो — आन माझ्याच ध्यानात न्हाई. डोस्क्यात दुसरंच चालू व्हतं ना. म्हनलं, एकच काढू, कोनाला कळनार न्हाई, घरी जाऊन एकताला दाखवू.

प्रवचन झालं. मंग मांगलिक म्हनतात शेवटी, आशीर्वादाचा पाठ असतो तो, सगळे हात जोडून गप बसतात. टाचणी पडली तर ऐकू येईल असं. त्या दिवशी मांगलिक तिनंच म्हनलं. आवाज तोच हो. हितं बसून अमेरिकावाला, दुबईवाला सांगायची तोच आवाज. मी हात जोडल्यावानी केले, मधी फोन धरला, बोटानं तिला जवळ आनलं, आन दाबलं.

काय वाजला म्हनून सांगू, कल्याणराव. भिंतीवरून परत आला तो आवाज. सगळ्यांनी मागं वळून पाह्यलं. मोठ्या साध्वीजींनी पाह्यलं. कोनी तरी म्हनलं, अरे कोन हाय, शरम न्हाई का. मला वाटलं, जमीन फाटावी आन मी आत जावं. संसारातला बाप हाय म्हनून कोनी जास्त बोललं न्हाई. आन ती — ती थांबली न्हाई. मांगलिक पुरं केलं. मंग माझ्याकडं पाह्यलं, खाली पाह्यलं, आन बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सोता बोलली. म्हनली, "श्रावकजी, वो फोटू मिटा दीजिए।"

श्रावकजी. संसारी मानसाला असंच म्हनतात ते, बराबर हाय त्यांचं. बाप न्हाई ना आता मी, कोनीच न्हाई, हजारातला एक. मी हात जोडले, मान हालवली, आन बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून राह्यलो. गाडी निघून गेली तरी बसून राह्यलो. आन तवा मला ध्यानात आलं — ती फोटू म्हनली. ऐकलं का तुमी? फोटो न्हाई म्हनली. सगळी जिंदगी फोटो म्हना, फोटो म्हना करनारी पोरगी, त्या दिवशी फोटू म्हनली. माझ्यावानी. चुकून निघालं असंल? का मला कळावं म्हनून म्हनली असंल? रोज रात-दिस हाच हिशेब करून राह्यलो मी. जुळत न्हाई.

मिटवला का, म्हनता? न्हाई ना मिटवला. आन दाखवलाबी न्हाई. एकताला म्हनलं, गर्दी होती, निघालाच न्हाई. कसा दाखवू? पोरीनं घर सोडलं, आमच्याकडं काही मागितलं न्हाई, नवी चप्पल मागितली न्हाई, गोळी-औषध मागितलं न्हाई — एकच मागितलं, मिटवा म्हनून. तिला ह्या जगातून जितकं मिटायचंय तितकं मिटू द्यायचं, आन राहिलेलं मी मिटवायचं. बोट ठेवतो मी. रोज ठेवतो. फोन इचारतो, खरंच मिटवायचं का? मी न्हाई म्हनतो. म्हनून चिठ्ठी लावली त्याच्यावर. गिऱ्हाईक आलं, की फोन कोरा करूनच द्यावा लागतो ना, धंद्याचा कायदाच हाय तो. धंद्यासाठी बोट चालतं माझं. बापाचं चालत न्हाई. सस्ता तेवढ्यासाठी ठेवलाय, की कोनी तरी उचलावा. आन कोनी उचलला, की मी त्याला सांगतो, हा वाजतो, हा नका घेऊ. आत्ता तुम्हालाच सांगितलं न्हाई का?

फोटूत काय दिसतं? काही दिसत न्हाई. मी दाबलं तवा तिनं डोळे मिटलेले. पट्टी, कपाळ, आन मिटलेल्या पापण्या. पलक म्हंजी पापणीच, नाव तेच ठेवलं ना आमी, तेवढीच आली. वाळलीय. एकताचं खरं होतं. लय वाळलीय.

तर तुमी हा इंडियावालाच घ्या शालूला. आन तिला म्हना, रोज एकदा तोंड दाखवत जा. कंटाळली तरी म्हना. चिडली तर चिडू द्या. हे घ्या, डबा तुमीच फोडा, मी तोवर बिल —

कल्याणराव.

काढला का तुमी फोटू त्या जपानवाल्यानं? माझा काढला? मी म्हनलो होतो, काढू नका म्हनून. न्हाई, चिडत न्हाई मी. तुम्हाला आवाज ऐकायचा होता, ऐकला. असाच वाजला होता. असाच. तिथं तर छत उंच हाय.

दाखवा इकडं. न्हाई, बोटानं सरकवू नका, तसाच धरा. ह्या फोनमदी तिच्यानंतर दुसरा फोटू निघालाच न्हाई ना — आता माझ्या बाजूला तीच आली असंल. ही पाहा, खाली बारक्या चौकटी आल्या. ही चौकट माझी, ही तिची. खेटून हायत. असा तर आमचा एकबी फोटू नव्हता, तीच काढनारी होती ना सदा, ती कवा बाजूला आलीच न्हाई माझ्या.

काढा ती चिठ्ठी. इकायचा न्हाई हा. तिनं मिटवा म्हनलं, मी हो म्हनलो, मिटवीन — पन कवा मिटवा ते न्हाई म्हनली ती. तिच्या मम्मीनं पाह्यल्यावर मिटवला तरी मिटवलाच ना? सांगा ना. सांगा की, मिटवलाच ना?

राहू द्या. तुम्हाला काय म्हाईत. बिल उद्या देतो, डबा घेऊन जा तुमी, पैसेबी उद्या द्या. घरी जायचंय मला. जाताना ते शटर वढून घ्या, अर्धंच — सावकाश वढा, लय वाजतं.