दोन दाखले, नऊशे वाचक

बढतीच्या मुलाखतीला आलेल्या प्राध्यापिका बाहेरच्या बाकावर आपल्या ग्रंथपाल नणंदेशी बोलत होत्या. दारावरच्या शिपायाला सगळं ऐकू येत होतं.

“वन्सं, माझ्या लेखाचा दाखला आपल्या लेखात दोघांनीच दिलाय. आत काय तोंड दाखवू?”

“नऊशे जणांनी आमच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलाय की! हा त्यांच्या नोंदींचा कागद घे.”

“त्यानं काय होतंय?”

“खाली वाच. तान्ह्या बाळांची कावीळ ओळखायला सुईणींना तुझ्या लेखातलाच तक्ता शिकवतात.”

“अगंबाई! मला कुणी कळवलंच नाही!”

“सुईणींना लेख लिहायला सवड कुठली, वहिनी? त्या दाखला देणार कशा?”

आधीचे उमेदवार पाच मिनिटांत बाहेर आले होते. प्राध्यापिका आत गेल्यावर अर्ध्या तासानं घंटी वाजली.

“हा कागद काढणाऱ्या बाई बाहेर आहेत ना?” मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी शिपायाला विचारलं. “त्यांनाही आत बोलवा.”