होडीची दोरी

(दुपार. उशांना टेकून बसवलेली ताई. समोर तिरपा फळा, पेल्यात दातांत धरायचे ब्रश. स्टुलावर विमा कंपनीचे साहेब. दारात ताईचा धाकटा भाऊ, कपड्यांवर सिमेंटची पांढरी धूळ.)

साहेब: छान आलंय ना तुमच्या चित्राचं शुभेच्छाकार्ड, ताई?

ताई: बघतेय. पाण्याचा रंग अगदी माझाच उतरलाय. होडीही माझीच. फक्त ती निघून चाललीय.

साहेब: निघून?

ताई: हिची दोरी कुठे गेली?

धाकटा: दाखव बघू. अरे हो की. इथून खाली यायची, पार कडेपर्यंत. तपकिरी. साहेब, चित्र मी माझ्या हातांनी बांधून तुमच्या हवाली केलं होतं. तेव्हा होती.

साहेब: अच्छा, ती रेघ! ती आमच्या डिझायनरने काढली. जरा सफाई केली. गैरसमज करून घेऊ नका, पण ती वाकडीतिकडी होती. आम्हाला वाटलं, तोंडातून ब्रश निसटला असेल.

धाकटा: निसटला?

ताई: तू थांब रे. साहेब, माझ्या दातांतून ब्रश निसटला तर तो चादरीवर पडतो. ही चादर बघा, सगळे निसटलेले ब्रश इथे आहेत. चित्रावर जे आहे ते मी काढलेलं आहे.

साहेब: चुकलंच. विचारायला हवं होतं.

धाकटा: आणि मागे काय छापलंय हे? 'अडचणींवर मात करून तोंडाने रंगवलेले चित्र.'

ताई: मात कुणावर? मी तर होडीत आडवी पडले होते.

साहेब: होडीत?

ताई: दुपारी डोळा लागला की मी तिथेच असते. मानेखाली माझं काही हलत नाही, अगदी लहान होते तेव्हापासून. पण तिथे काही हलवावंच लागत नाही. वल्हं नाही, शीड नाही. वर आभाळ, खाली पाणी, मधे मी. होडी आपली आपण सरकते. आधी गवत मागे जातं, मग काठ, मग आवाजसुद्धा. हा कुठेतरी फरशी कापत असतो, ते मशीनही माशी गुणगुणल्यासारखं वाटायला लागतं.

साहेब: आणि दोरी?

ताई: दोरी आहे म्हणून तर इतकी लांब जाते मी. सुटलेल्या होडीत झोप लागते का कुणाला? आता मला डोळे मिटायची भीती वाटतेय, खरं सांगते.

साहेब: तीनशे कार्डं छापून झालीत हो. सगळी खास ग्राहकांची. पेट्या खाली गाडीत आहेत, उद्या सकाळी टपालात जाणार. नव्याने छापा म्हटलं तर वरचे मला दारात उभं करणार नाहीत. पुढच्या वर्षी मी स्वतः लक्ष घालून...

ताई: पुढच्या वर्षी होडी नसेल, दुसरंच काही असेल. कागद खरखरीत आहे ना? मग रंग धरेल. आणा पेट्या वर.

साहेब: वर? कशाला?

ताई: दोरी बांधायला.

साहेब: तीनशे होड्यांना?

ताई: अंधार पडेपर्यंत साठ होतील माझ्याकडून. पुढे मान भरून येते. बाकीच्या तुम्ही दोघं करा.

साहेब: ताई, मी चित्रकलेत कसाबसा पास झालेला माणूस. आणि वरच्यांना काय सांगू?

धाकटा: सांगा, होडी बांधायची राहिली होती. चला, दोन पेट्या मी घेतो.

साहेब: ... हुश्श. ही शेवटची पेटी. हं, आता हा बारीक ब्रश. बघा ताई, जमलीय?

ताई: ही काठी झाली.

साहेब: काठी?

ताई: होडीत खोचून ठेवलेली. पाण्यावरची दोरी इतकी ताठ नसते. धाकट्या, तुझी बघू. तू तर फरशीच बसवलीस.

धाकटा: वीस वर्षं सूत ताणून रेघा मारतोय. वाकडी रेघ मारली तर लोक कामावरून हाकलतात.

ताई: हात ढिला सोडा दोघांनी. असं समजा, पलीकडच्या टोकाला कुणीतरी झोपलंय. त्याला उठवायचंय, पण दचकवायचं नाहीये. थोडं ओढायचं. थांबायचं. पुन्हा थोडं ओढायचं.

साहेब: असं?

ताई: हात थरथरतोय तुमचा.

साहेब: हो. सॉरी. पुसून टाकू?

ताई: पुसू नका. आली दोरी.

धाकटा: ताई.

ताई: हं.

धाकटा: ही आपली सुतळी आहे का गं?

साहेब: कुठली सुतळी?

धाकटा: लहानपणी आम्ही दोघं एका खोलीत झोपायचो. माझी झोप म्हणजे कुंभकर्णाची, हाका मारून घसा बसायचा हिचा. मग हिनेच डोकं लढवलं. सुतळीचं एक टोक हिच्या उशाशी, दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की दातांनी ओढायची. हळूच. थांबून पुन्हा एकदा.

ताई: ब्रश धरायचा सराव तिथलाच.

साहेब: मग ती सुतळी?

धाकटा: माझं लग्न झालं. मी पलीकडच्या खोलीत गेलो. हिला हनुवटीने दाबायची घंटा बसवून दिली.

ताई: घंटा चांगली आहे रे. एका दाबात येतोस.

धाकटा: पण मग दोरी नुसतीच कागदाबाहेर का जाते? दुसरं टोक दाखवायचं होतंस की. मला कळलं असतं.

ताई: पाय काढायला मला कधी जमलं नाही.

धाकटा: साहेब, पुढचं कार्ड सरकवा इकडे. आता जमेल मला वाकडी.