दिवेलागणीची काठी

शिवाजीनगरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन भावंडं बसली होती. मोठ्या बहिणीच्या हातात पांढरी काठी होती. आई कॉफी आणायला खाली गेली, तशी ती धाकट्याच्या कानाशी लागली.

“यशो, माझी काठी चोरणारा सापडला.”

“कोण गं अक्का?”

“रोज दिवेलागणीला काठी कोपऱ्यातून गायब होते. तू दूध घेऊन आलास की परत जागेवर!”

“मी खेळायला नेतो.”

“मला आधी तसंच वाटलं. माझी नक्कल करतोस म्हणून रागही आला. पण काल मी दारात उभी राहून ऐकलं. तू पायरीपायरीवर काठी टेकवत जिना उतरत होतास. खेळणारा असा उतरतो?”

“आईला सांगू नकोस.”

“कधीपासून दिसत नाही तुला?”

“दिवसा दिसतं! अंधार पडला की जातं. गणपतीपासून.”

“माझंही असंच सुरू झालं होतं.”

“माहितीये. म्हणून तर नाही सांगितलं. तुझ्यासाठीच आई इतकी रडते.”

“रडू दे.”

“अक्का, तुला भीती वाटली होती?”

“खूप. तेव्हा मला विचारायला कोणी नव्हतं. तुला मी आहे. आणि काठी इतकी जोरात आपटायची नसते, शिकवते तुला.”

“सौम्या कोण? आत चला,” सिस्टरनं दारातून हाक मारली.

“सिस्टर, स्वल्प, थोडं थांबा. आई येऊ दे. आज आम्हा दोघांना दाखवायचंय.”