राखेत राहिलेला गिअर

मंडळी, नमस्कार. वहिनी, तुम्ही उठू नका, बसा.

मला माईकवर बोलाय येत न्हाय. मी परशराम. उद्यमबागेत भैरूअण्णाच्या शेडमधला फिटर. बावीस वर्सं अण्णा वेल्डिंग करायचा आणि मी गाड्या खोलायचो, जोडायचो. माझ्याआधी बोलले ती शिकलेली माणसं. त्यांनी अण्णाला 'कैलासवासी' म्हटलं. माझ्या तोंडात ते येत न्हाय. काल सुद्धा सवयीनं मी दोन च्या सांगितले. हॉटेलवाला दोन घेऊन आला, माझ्याकडं बघितलं आणि एक परत नेला.

अण्णाचं नाव कशानं झालं ते सगळ्यांना ठाऊक नसंल, म्हणून सांगतो. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधी एक गोळा असतो, डिफरेन्शियल. वळणावर एक चाक जास्त फिरतं, एक कमी. ते जमवून आणायचं काम त्या गोळ्यातल्या गिअरचं. डांबरी रस्त्याला ते चांगलं. पण खानापूरच्या रानात, चिखलात, तेच आडवं येतं. एक चाक जाग्यावर गरागरा फिरत बसतं आणि दुसरं हलत न्हाय. त्याला कंपनीचा लॉकर मिळतो, पायजे तवा दोन्ही चाकं एकत्र बांधणारा. पण आपल्या माणसाला तो परवडतोय कुठं? तवा अण्णा आतले गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकायचा. दोन्ही चाकं एकदम फिरणार. चिखल असू दे न्हायतर चढ, गाडी निघणार म्हणजे निघणार.

आणि गिऱ्हाइकाला पहिलं वाईट सांगायचा. "वळणावर टायर घासणार. गाडी वळाय कुरकुर करणार. बाजारात फिरायची गाडी असंल तर परत न्या." शहरातली हौशी पोरं यायची, त्यांना च्या पाजून परत धाडायचा. मी म्हणायचो, "अण्णा, आलेलं काम घालवतोस." तर म्हणायचा, "कुठं धडकला तर त्याची आई शिव्या मला देईल रं, तुला न्हाय."

वेल्ड मारला की तो लालभडक गिअर अण्णा राखेत पुरायचा. एक पत्र्याचं पीप, त्यात सदलग्याच्या गुऱ्हाळाची राख. भावाच्या गुऱ्हाळावरनं पोतं भरून बसमधनं आणायचा, कंडक्टरशी कन्नडमधनं भांडत. असलं कडक लोखंड एकदम गार झालं की तडा जातो. राखेत ते आपलं आपण, हळूहळू गार व्हाय पायजे. झाकण लावायचा, झाकणावर हात ठेवायचा, जरा गप उभा राहायचा आणि म्हणायचा, "घाई करायची न्हाय."

आता जे सांगतो ते नऊ वर्सं मी कुणाला सांगितलं न्हाय.

नारायणदादा, तुम्ही मागं दाराजवळ बसलाय. आलात, बरं झालं. जरा पुढं येता का? न्हाय? असू द्या. तिथनंच ऐका.

मंडळी, हे नारायणदादा खानापूरच्या पलीकडचे, रानाच्या कडंला शेती यांची. नऊ वर्सांमागं अण्णानं यांच्या जीपचा गिअर वेल्ड केला, राखेत पुरला आणि गावच्या जत्रेला सदलग्याला गेला. जाताना मला बजावून गेला, "परशा, उद्या सकाळपर्यंत राखेत हात घालू नको." पण मला निपाणीला जायचं होतं, मेहुण्याच्या हळदीला. बायको तयार होऊन बसलेली. मी तासाभरात गिअर बाहेर काढला. पकडीत धरला आणि बादलीतल्या पाण्यात बुडवला. गाडी जोडली, दादांना किल्ली दिली आणि हळदीला गेलो.

पंधरा दिवसांनी दादा आपल्या आईला घेऊन दवाखान्याला निघालेले. म्हातारी तापानं फणफणलेली. मधीच ओढ्यात गाडी बसली. गिअर फुटला. चौघांनी म्हातारीला बाजेवर घालून भर पावसात पायी नेलं. म्हातारी वाचली. पण दादा शेडवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भैरू, तुझा जोड फुटला. माझी आई गेली असती."

अण्णानं फुटका गिअर हातात घेतला. तडा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. एवढा जुना वेल्डर, त्याला कळणार न्हाय व्हय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात डोळ्यानंच मला गप केलं. आणि दादांना म्हणाला, "व्हय. माझाच जोड. चुकलं माझं."

मंडळी, जोड फुटला नव्हता. अण्णाचा वेल्ड शाबूत होता. तडा पाण्यानं गेलता. आणि पाणी मी घातलतं.

दादा गेले ते परत आले न्हाईत. खानापूरकडची गिऱ्हाइकं तुटली. "भैरूचा जोड टिकत न्हाय," हे अण्णानं आपल्या कानानं बाजारात ऐकलं. मी विचारलं, "का घेतलंस अंगावर?" तर म्हणाला, "राखेजवळ मी थांबाय पायजे होतं. जत्रा काय पळून जातीया?" बस. पुन्हा तो विषय न्हाय. टोमणा न्हाय. चार शिव्या घातल्या असत्या तर मला झोप लागली असती.

त्या दिवसापासनं मात्र गिअर राखेत गेला की अण्णा पिपाजवळ बसायचा, पार सांज होईस्तोवर. मलाही बसवायचा. खरं सांगू? मला कामाची आठवण येत न्हाय. त्या बसण्याची येते. दोन स्टुलं, मधी ते पीप, झाकणावर दोन च्या. थंडीत त्यावर हात शेकायचो. काय बोलायचो? त्याचा गुडघा, माझ्या लेकीची परीक्षा. कधी कधी तासभर कायच न्हाय. मला वाटायचं, वेळ चाललाय फुकट. आता वाटतं, तसली एक सांज द्या रं कुणीतरी. एकच.

अण्णा गेला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नारायणदादा शेडवर आले. नऊ वर्सांनी. तीच जीप. म्हणाले, "दुसरीकडं करून बघितलं, टिकंना." अण्णा म्हणाला, "बसा. च्या घ्या." जसं काय कालच भेटलेले. गिअर वेल्ड केला, राखेत पुरला. दादा उद्या येतो म्हणून गेले. सांजेला पिपाजवळ मी म्हटलं, "अण्णा, उद्या दादा आले की मी सांगणार." अण्णानं झाकणावर हात ठेवला. मग म्हणाला, "सांग. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी सांग."

रविवारी पहाटे वहिनींचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी सदलग्याला नदीवर रक्षाविसर्जनाला वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही पण हात लावा." लावला. गार होती राख. ते झालं माझ्या हातनं. पण शेडमधल्या पिपात हात घालाय अजून जमलं न्हाय. दादांची जीप मागनं उचलून तशीच उभी हाय. गिअर राखेतच हाय. तो अण्णाच्या हातचा शेवटचा. तो बाहेर काढला की मग पिपाजवळ बसून वाट कशाची बघू?

नारायणदादा, तुमच्या आईला ओढ्यातनं उचलून न्यावं लागलं ते माझ्यामुळं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण खानापूरच्या बाजारात एकदा सांगा, भैरूचा जोड फुटला नव्हता. एवढं करा. आणि उद्या सकाळी शेडवर या. दोघं मिळून गिअर काढू. तुम्ही उजेडात धरून बघा, तडा हाय का. नसणार.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं म्हणत्यात, पण घड्याळ कुणी बघू नका. अण्णा झाकणावर हात ठेवून उभा राहायचा, तसं उभं राहू.

अण्णा, सांगितलं बघ. लई उशीर केला मी.

उठा मंडळी. घाई करायची न्हाय.