नागपंचमीला उरणच्या वाळूत

पावसाळ्यात उरणच्या किनाऱ्यावर फिरायला जाताय ना, मग हे ऐकून जा. तिथे समुद्रातले साप वाळूत येऊन पडतात. मेल्यासारखे दिसतात, पण भयंकर विषारी असतात. आम्ही साताऱ्याहून वाशीला नवीन आलेलो, आम्हाला काय ठाऊक! त्यात नागपंचमी. वाशीत वारूळ कुठलं सापडायला? पूजेचं सामान पिशवीत तसंच घेऊन आम्ही उरणला फिरायला आलो. साप दिसताच माझी बायको सुमन हळदकुंकू घेऊन त्याच्यापुढे बसलीच.

जाळं आवरणारी एक म्हातारी ओरडली, "बाय, मागं सर! दर्यातला हाय तो, डसला तं वाचनार नाय!"

"मावशी, नाग म्हणजे बाईचा भाऊ. भाऊ कधी डसतो का?"

"तुजा भाऊ तुज्या गावाला. ह्यो नाय."

"गावाला नाही आता," सुमन म्हणाली.

तिचा एकुलता भाऊ त्याच उन्हाळ्यात गेला होता. तार उशिरा मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी तिला दंड धरून मागे ओढलं. म्हातारीने काठीने साप हळूच पाण्यात लोटला. लाट त्याला घेऊन गेली, तिकडे सुमन बघत राहिली.

"चला," ती म्हणाली, "याला तरी पोचवता आलं."